पृष्ठशूल : काही प्रसंगी घटकांचा हिशेब

पृष्ठशूलाचा रुग्ण आपल्या चिकित्सालयात नित्य येतो. अभ्यंग, स्वेदन व बस्ती यांनी त्यास उपशय मिळतो, हा आपला अनुभव. परंतु या परिचयामुळेच एक विरळ, आशुकारी व्याधी नजरेतून सुटण्याचा संभव आहे. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर, आघातावाचून रक्तस्राव होतो आणि साचलेले रक्त मज्जारज्जूवर दाब देते. वर्षाकाठी दहा लाखांत सुमारे एकास ही व्याधी होते.

लक्षणांचा क्रम महत्त्वाचा आहे. मानेत वा पाठीत अकस्मात तीव्र शूल उठतो. काही मिनिटांत वा तासांत पायांत बधिरता व दौर्बल्य येते, मूत्रावरोधही होतो. मानेपाशी स्राव झाल्यास क्वचित एकाच बाजूचे हातपाय लुळे पडून पक्षाघाताचा भास होतो. मात्र चेहरा व वाणी अबाधित राहते.

वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे, रक्त न गोठण्याचे विकार व रक्तवाहिन्यांतील विकृती ही ज्ञात कारणे होत. अनेकांत कारण सापडत नाही. अतिप्रमाणात लसूण खाणाऱ्या ८७ वर्षांच्या वृद्धास ही व्याधी झाल्याची नोंद १९९० साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. म्हणून अशी औषधे घेणाऱ्यास लसणाचे कल्प देताना विचार करावा.

अशा रुग्णास मर्दन, स्वेदन वा बस्ती यांत गुंतवू नये. एमआरआय व मज्जासंस्थेचे शल्यचिकित्सक उपलब्ध असलेल्या रुग्णालयात त्यास तत्काळ पाठवावे व घेत असलेल्या औषधांची यादी सोबत द्यावी. दौर्बल्य वाढत असता साचलेले रक्त शस्त्रकर्माने काढणे हाच मुख्य उपाय होय. ते पहिल्या १२ तासांत झाल्यास पायांचे बळ परतण्याची आशा अधिक असते.

प्रत्येक पृष्ठशूलास एमआरआय करावा, असे आम्ही म्हणत नाही. तीन प्रश्न मात्र अवश्य विचारावेत : शूल अकस्मात उठला काय? पायांत बळ व संवेदना आहे काय, लघवी होते काय? रक्त पातळ करणारे औषध चालू आहे काय? तेल वा गुग्गुळकल्प मागण्यास आलेल्या ग्राहकास औषधालयचालकांनीही हेच विचारावे.

पक्व गुल्माच्या प्रसंगी चरकाचार्यांनी अधिकार धान्वंतरीयांकडे सोपविला. तोच विवेक येथे अपेक्षित आहे. हे तीन प्रश्न प्रत्येक रुग्णपत्रिकेवर छापून घ्यावेत, अशी आमची सर्व सभासदांस विनंती आहे.