वायफाय बंद पडले की फॉरमॅट : या रिवाजाला आमचा विरोध

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला नेहमीचा पाठिंबा देणे बंद केले. विंडोज ११ हवे असेल तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ पूर्वीचा लॅपटॉप कितीही ठणठणीत असला तरी कंपनीच्या लेखी तो म्हातारा झाला. आमच्या कापड बाजारात अशा म्हाताऱ्यांची संख्या थोडीथोडकी नाही. पेढीवर बिले करणे, ई-वे बिल काढणे, परगावच्या गिऱ्हाइकाला नव्या मालाचे फोटो पाठविणे ही कामे ते आजही बिनतक्रार करतात.

म्हणून कित्येक व्यापारी बंधूंनी मुलांच्या सांगण्यावरून अशा लॅपटॉपवर लिनक्स ही प्रणाली घातली. हे चांगलेच झाले. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिची सुरुवात केली. तिचा सारा मजकूर खुला आहे. कोणीही तो वाचावा, बदलावा, वाटावा. फुकट मिळते म्हणून माल हलका असेल ही समजूत काढून टाकावी, कारण तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही लिनक्सच आहे. उलट पाचशे रुपयांत मिळणारे चोरीचे विंडोज घेण्यापेक्षा हा मार्ग साफ आहे. चोरीचा ताका कितीही स्वस्त मिळाला तरी शहाणा व्यापारी तो दुकानात ठेवीत नाही.

परंतु लिनक्स घातल्यावर एक तक्रार हमखास ऐकू येते ती ही, की वायफाय लागत नाही. मग लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे जातो आणि तेथे त्याला एकच औषध मिळते, ते म्हणजे फॉरमॅट. आमच्या पेढीवरचा एक लॅपटॉप असाच दोन दिवस बाहेर राहून आला. आतले सारे पुसलेले, मजुरी वाजवून घेतलेली, आणि वायफाय होते तसेच बंद. तापाच्या प्रत्येक रोग्याला एकच इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरसारखा हा प्रकार आहे. यात नुकसान केवळ मजुरीचे नाही. संध्याकाळी गठाणी भरून गाडी उभी असते, परराज्यात जाणारा माल पन्नास हजारांच्या वरचा असतो, ई-वे बिल निघालेले नसते. बिलाशिवाय गाडी निघाली आणि रस्त्यात धरली गेली तर माल अडकतो आणि कराच्या दुप्पट दंड भरण्याची पाळी येते. मोबाईलवरूनही बिल निघते हे खरे, पण वीस कलमांची यादी बोटाएवढ्या पडद्यावर भरताना चूक व्हावयाचीच.

दोष कोणाचा?

लोक दोष लिनक्सला देतात. आमच्या मते हा अन्याय आहे. वायफायची चिप बनविणाऱ्या कंपन्यांनी आपल्या मालाची माहिती वर्षानुवर्षे दाबून ठेवली, हे खरे मूळ आहे. ब्रॉडकॉमचेच पाहा. त्यांची चिप लाखो लॅपटॉपांत बसली, पण ती कशी चालवावी हे त्यांनी लिनक्सवाल्यांना सांगितले नाही. शेवटी स्वयंसेवकांनी कंपनीच्या बंद ड्रायव्हरवरून उलटा शोध घेतला आणि २००६ साली पहिला ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात आला. कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो २०१० च्या सप्टेंबरात, आणि तोही नव्या चिपांपुरता. बाकीच्यांसाठी 'डब्ल्यूएल' नावाचा अर्धा झाकलेला ड्रायव्हर आहे. त्याची २०१५ नंतर कंपनीकडून नवी आवृत्ती नाही. लिनक्सचा गाभा पुढे सरकतो, हा ड्रायव्हर मागे राहतो. म्हणून काल चालणारे वायफाय एखाद्या अपडेटनंतर आज चालत नाही. २०१३ ते २०१५ च्या सुमारास विकल्या गेलेल्या पुष्कळ लॅपटॉपांत ब्रॉडकॉमची ४३१४२ ही चिप आहे, आणि तिला या डब्ल्यूएलशिवाय दुसरा आधार नाही.

येथे ड्रायव्हर आणि फर्मवेअर हे दोन शब्द समजून घ्यावे लागतील. आमच्या यंत्रमागवाल्या बंधूंना ते चटकन कळेल. जॅकार्डच्या मागावर विणकर हजर आहे, ताणा चढलेला आहे, पण नक्षीची कार्डे नाहीत, तर नक्षी उतरेल काय? ड्रायव्हर हा विणकर आणि फर्मवेअर ही कार्डे. विणकर फुकट मिळाला तरी कार्डांची मालकी कंपनीची असते. काही कंपन्या ती वाटण्यास परवानगी देतात. इंटेल त्यांपैकी एक, म्हणून इंटेलची चिप असलेल्याला सहसा त्रास होत नाही. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांची कार्डे मात्र वाटता येत नाहीत, ज्याने त्याने इंटरनेटवरून उतरवून घ्यावीत अशी व्यवस्था आहे. आता इंटरनेट यावे म्हणून इंटरनेट हवे! विहिरीत उतरायला दोर हवा आणि दोर विहिरीच्या तळाशी, तसे झाले. डेबियन या जुन्या आणि तत्त्वाच्या पक्क्या लिनक्सने तर अशी बंद फर्मवेअरे आपल्या मूळ संचात घेण्याचेच टाळले होते. २०२२ साली त्यांनी आपसांत मतदान घेऊन ते बदलले आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून वाटता येण्यासारखी फर्मवेअरे संचातच येऊ लागली. तत्त्व सोडले म्हणून काहींनी नाके मुरडली. आम्हांस तो निर्णय रास्त वाटतो. ज्याचा दरवाजाच उघडत नाही त्याला आतल्या तत्त्वांचा काय उपयोग?

दोर कोठून आणावा?

दोर तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या भागात जाऊन यूएसबी टिथरिंग सुरू करावे. वायर डेटा नेणारी असावी, नुसती चार्जिंगची नको. लिनक्स बहुधा काही न विचारता ते जोडून घेते. फोन स्वतः दुकानाच्या वायफायवर असेल तर तेच वायफाय वायरीतून लॅपटॉपला मिळते, मोबाईलचा डेटाही खर्च होत नाही. गाडी उभी असताना आधी हे करावे, बिल काढावे, गाडी सोडावी, आणि रोगाचा शोध मग सवडीने घ्यावा. एवढी एक युक्ती माहीत असती तर कितीतरी लॅपटॉप फॉरमॅटच्या सुरीखालून वाचले असते.

शोध घेताना पहिला प्रश्न असा : चिप झोपली आहे, की मशीनला ती दिसतच नाही? टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडावी आणि लहान इंग्रजी अक्षरांत आरएफकिल, एक जागा सोडून लिस्ट, असा हुकूम द्यावा. उत्तरात सॉफ्ट ब्लॉक्ड आणि हार्ड ब्लॉक्ड अशा दोन ओळी येतात. सॉफ्टपुढे यस असेल तर सॉफ्टवेअरने वायफाय बंद केले आहे. 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' म्हटले की उठते. हार्डपुढे यस असेल तर लॅपटॉपच्या कडेचे बटण किंवा विमानाचे चित्र असलेली कळ दाबली गेली आहे. पुष्कळ ठिकाणी सारा रोग एवढाच असतो आणि त्यासाठी लॅपटॉप दोन दिवस बाहेर जातो. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर आणखी एक गोष्ट पाहावी. विंडोजचे 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर विंडोज पुरते बंद होतच नाही, चिप अर्धवट त्याच्याच ताब्यात राहते. ती सोय बंद करावी.

दुसरा हुकूम एलएसपीसीआय, जागा, आडवी रेघ आणि तिला चिकटून एनएनके. याने आतल्या सर्व भागांची यादी येते. त्यात नेटवर्क कंट्रोलर लिहिलेली ओळ शोधावी. तेथे चिपचे नाव आणि नंबर असतो, आणि खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असेल तर विणकर कामावर आहे. ती ओळ नसेल तर ड्रायव्हर बसलेला नाही. तिसरा हुकूम डीमेसेज, म्हणजे डी-एम-ई-एस-जी, पुढे सुडो लावून. याने यंत्राचा रोजनामा उघडतो. त्यात फर्मवेअर या शब्दाजवळ फेल्ड असे दिसले तर कार्डे नाहीत हे समजावे. लिनक्स मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर आहे, तो चिप ओळखून योग्य ड्रायव्हर सुचवितो.

उर्दू माध्यमात शिकलेल्या आमच्या पिढीला या इंग्रजी ओळी पाहून धडकी भरते. परंतु सूट, गठाण आणि उधारीच्या भाषेत पाच परगण्यांच्या व्यापाऱ्यांशी बोलणाऱ्या माणसाला दहा-बारा इंग्रजी शब्द जड जाऊ नयेत. चुकीचा संदेश हा शत्रू नसून मुनीम आहे. तो नुकसान कोठे झाले ते सांगतो, आपण मात्र वाचण्याआधीच खिडकी बंद करतो. निदान तिचा फोटो काढून ठेवावा.

आता एक खास जागा, जेथे भलेभले अडकतात. ड्रायव्हर घातला, काही चूक दिसली नाही, तरी वायफाय नाही. बहुधा लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट चालू असते. बाहेरून आणलेल्या ड्रायव्हरवर ओळखीचा शिक्का नसेल तर यंत्र त्याला आत घेत नाही. शिक्क्याची नोंद करण्यासाठी ड्रायव्हर घालताना एक पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या वेळी मशीन सुरू होताना निळा पडदा येतो. घाईत माणूस कंटिन्यू दाबतो आणि नोंद राहून जाते. तेथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यावा लागतो. आमच्या त्या लॅपटॉपचा रोग हाच निघाला. फॉरमॅट दहा वेळा केले असते तरी तो गेला नसता.

वायफाय लागते पण दर पाच मिनिटांनी तुटते, हा निराळा रोग. बॅटरी वाचविण्यासाठी चिपला मधूनमधून झोप दिली जाते आणि काही चिपा, विशेषतः रियलटेकच्या, त्या झोपेतून नीट उठत नाहीत. नेटवर्क मॅनेजरच्या फाईलमध्ये वायफाय पॉवरसेव्हपुढे ३ असेल तेथे २ करावे, म्हणजे ही झोप बंद होते. शेजारच्या दुकानाचे वायफाय दिसते पण आपलेच दिसत नाही, असेही होते. राऊटर ५ गिगाहर्ट्झवर असेल आणि लॅपटॉपची जुनी चिप २.४ चीच असेल तर ते तिला कधीच दिसणार नाही. राऊटर १२ किंवा १३ नंबरच्या चॅनेलवर गेला असेल आणि लॅपटॉप स्वतःला अमेरिकेत समजत असेल तरी तेच, कारण तेथे हे चॅनेल सहसा वापरीत नाहीत. राऊटरवर १, ६ किंवा ११ ठरवून द्यावा.

आणि कधी वायफायचा काही दोषच नसतो. जुन्या लॅपटॉपच्या आतली घड्याळाची बॅटरी संपते, तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि सरकारी पोर्टल सुरक्षेचे कारण सांगून उघडत नाही. लोक राऊटर बदलतात. बदलायची असते ती बॅटरी, तोवर निदान तारीख हाताने नीट करावी.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, एवढा व्याप कोणी करावा? प्रत्येक व्यापाऱ्याने करावा असे आम्ही म्हणत नाही. बाजारातल्या पन्नास पेढ्यांनी मिळून एखादा होतकरू मुलगा धरावा, त्याला ही विद्या शिकू द्यावी आणि हुनराची मजुरी रोख द्यावी. 'जरा बघून दे बेटा' म्हणून चहावर भागवू नये. कारागिराच्या मजुरीत काटछाट करून कोणता धंदा सुधारला आहे? असोसिएशनच्या बैठकीत पार्किंगच्या वादापेक्षा या विषयाला दहा मिनिटे मिळाली तर बरे होईल.

लिनक्स सर्वांनाच घालावे असेही आमचे म्हणणे नाही. ज्यांचे हिशेबाचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालते किंवा ज्यांना डिजिटल सहीचे टोकन लागते, त्यांनी आधी नीट चौकशी करावी आणि एक मशीन विंडोजचे ठेवावे.

ज्याची चिप खरोखर वठणीवर येत नाही, त्याने लिनक्सवर चालणारे छोटे यूएसबी डोंगल घ्यावे. आतले कार्ड बदलण्याच्या फंदात पडू नये, कारण काही जुने लॅपटॉप परके कार्ड स्वीकारीतच नाहीत. डोंगल घेताना खोक्यावरचे कंपनीचे नाव पाहून भागत नाही. एकाच मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत एक चिप आणि दुसरीत भलतीच, असे झालेले आहे. छाप तोच, सूत वेगळे. कापड घेताना आपण काउंट आणि रीड-पीक विचारतो, तसे येथे चिपचे नाव आणि आवृत्तीचा नंबर विचारावा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर 'लिनक्सवर चालले नाही तर परत' असे बिलावर लिहून घ्यावे. आणि आपल्या लॅपटॉपमधल्या चिपचे नाव एका चिठ्ठीवर लिहून ती खालच्या बाजूला चिकटवून ठेवावी.