प्रूफमधली दुरुस्ती कोणाच्या नावावर?

आपल्या जिल्ह्यातल्या बऱ्याच पेपरांत आजही प्रूफ असं तपासलं जातं. ऑपरेटर पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो. उपसंपादक मोबाईलवरच लाल गोल करून "हे बघ" लिहितो. तिसरा फोनवर सांगतो, "गट नंबर १२४ नाही, १४२." रात्री साडेअकराला हे सगळं डोक्यात ठेवून ऑपरेटर पान सोडतो. सकाळी चूक निघाली की शिव्या एकट्या ऑपरेटरला. हे मला मान्य नाही.

जाहीर नोटिशीत हरकतीची मुदत कधी सात दिवस, कधी पंधरा. गट नंबरच चुकला तर ज्याची जमीन, त्याला कळणार कसं? शुद्धिपत्र येईपर्यंत निम्मे दिवस गेलेले असतात.

सोय नाही म्हणावं तर तीही आहे. इनडिझाइनमध्ये मजकुरातच नोट ठेवता येते. ती छापली जात नाही, पण कोणी आणि कधी लिहिली ते फाइलमध्ये राहतं. (काही जण सूचना थेट मजकुरातच टाइप करतात, मग "इथे साहेबांचा फोटो टाकणे" हेही छापून येतं!) ज्याच्याकडे इनडिझाइन नाही, त्याला फुकटच्या ॲक्रोबॅट रीडरमध्ये पीडीएफवर कॉमेंट टाकता येते. २०१८ च्या ऑक्टोबरात आलेल्या आवृत्तीपासून त्या कॉमेंट इनडिझाइनमध्ये आणताही येतात.

"आमचे फॉन्ट जुने आहेत हो." बरोबर. जुन्या फॉन्टात पडद्यावर मराठी दिसतं, आत रोमन चिन्हांचं कडबोळं असतं. त्यामुळे युनिकोडमधली दुरुस्ती एका क्लिकवर बसत नाही, हातानं टाकावी लागते. टाकू दे की! अंधुक फोटोतला लाल गोल ओळखण्यापेक्षा ते बरं. पेजमेकर वापरणाऱ्यांनाही पीडीएफ काढता येतेच.

खरं दुखणं वेगळं आहे. कॉमेंटला नाव लागतं. मालकाच्या एका फोनवर बातमीतलं ठेकेदाराचं नाव उडतं, त्या फोनचा मागमूस राहत नाही. कॉमेंटचा राहतो. म्हणून ती कोणालाच नको असते. पानाच्या तळाशी मात्र "पीआरबी कायद्यानुसार जबाबदार" म्हणून संपादकाचं नाव रोज छापायचं. तो १८६७ चा कायदा जाऊन २०२३ चा नवा आला, तरी ती ओळ कित्येक पेपरांत तशीच आहे.

निदान नोटिशींच्या पानापासून तरी सुरुवात करा. वकील मंडळी, ग्रामपंचायतवाले, नोटिशीचे पैसे तुम्ही भरता. छपाईआधी पीडीएफ मागा, चूक दिसली तर तिथेच नावानिशी कॉमेंट टाका आणि ती फाइल जपून ठेवा.