पेटीतल्या फोटोला रंग देताना

हिवरखेडच्या जुन्या घरांत एक पत्र्याची पेटी असतेच. तिच्यात शेतीचे कागद, निकाहनामा, शाळेचे दाखले आणि तळाशी दोन-चार पिवळे पडलेले फोटो. त्यांत एखादा फोटो संघाचा निघतो. कबड्डीचा, व्हॉलीबॉलचा, नाहीतर क्रिकेटचा. पुढची रांग मांडी घालून बसलेली, मागची उभी, मध्ये शिल्ड. दादांना विचारले तर चार नावे सांगतात आणि पाचव्या चेहऱ्यावर बोट थांबते. अशा फोटोंवरून मुलांनी सुटीत रंगीत चित्रे काढावीत, असे या महिन्यात आम्हाला सुचवायचे आहे.

हे काम जगात मोठ्या निष्ठेने केले जाते. ग्रेग क्राइंडलर हे अमेरिकन चित्रकार बेसबॉलच्या जुन्या कृष्णधवल फोटोंवरून रंगीत चित्रे काढतात. गणवेशाचा रंग कोणता होता, ऊन कोणत्या बाजूने पडले होते, याचा ते आधी शोध घेतात. कृष्णवर्णीय खेळाडूंना तिथल्या मोठ्या लीगमध्ये पूर्वी प्रवेश नव्हता. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन यांच्या येण्याने ते दार उघडले. त्याआधी या खेळाडूंनी १९२० साली स्वतःची लीग उभी केली होती. तिच्या शताब्दीला, २०२० मध्ये, कॅन्सस सिटीच्या संग्रहालयात क्राइंडलर यांनी काढलेली अशा खेळाडूंची दोनशेहून अधिक चित्रे मांडली गेली. विसरलेली माणसे रंगांत समोर आली.

आपल्याकडेही अशी माणसे कमी नाहीत. चर्मकार समाजातील पालवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. मुंबईच्या स्पर्धेत १९१२ पासून मुस्लिम संघ उतरू लागला. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्याच कसोटीत मोहम्मद निसार यांनी एका डावात पाच बळी घेतले. १९३६ साली मँचेस्टरला सय्यद मुश्ताक अली यांनी ११२ धावा केल्या. परदेशात भारतीयाचे ते पहिले कसोटी शतक. त्याच वर्षी आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. या सर्वांचे फोटो काळे-पांढरेच.

रंग देताना खरी परीक्षा असते. जुन्या काळच्या अनेक काचा आणि फिल्म लाल रंग पकडत नसत. त्यामुळे लाल टोपी फोटोत काळी दिसते आणि निळे आकाश पांढरेफटक. म्हणजे नुसता फोटो पाहून रंग ठरवता येत नाही, विचारावे लागते. आता मोबाइल एका क्षणात फोटो रंगवून देतो, पण तो अंदाज असतो. दादांच्या बनियनचा रंग मोबाइलला ठाऊक नाही, दादींना ठाऊक असतो.

दुसरी गोष्ट त्वचेच्या रंगाची. चेहरा रंगवताना मुलांचा हात गुलाबी रंगाकडेच जातो. वऱ्हाडाच्या उन्हात कपाशी वेचून संध्याकाळी मैदानावर उतरलेला माणूस गुलाबी कसा असेल? आपल्या वडीलधाऱ्यांना चित्रात गोरे करणे म्हणजे त्यांचा मान वाढवणे नव्हे. ते जसे होते तसेच सुंदर होते, हे मुलांना इथे शिकवता येते.

कृती सोपी आहे. मूळ फोटोला हात लावू नये. मोबाइलने त्याचा फोटो घेऊन मोठी प्रिंट काढावी. प्रिंटवर पेन्सिलीने सारखे चौकोन आखावेत, ड्रॉइंग पेपरवर तितकेच मोठे चौकोन आखावेत आणि एकेक चौकोन उतरवावा. आधी सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ जागा नक्की करावी, मग रंग. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना हा सराव उपयोगी पडेल.

काही घरांत सजीवांची चित्रे काढत नाहीत. त्या घरांचा आम्ही आदर करतो. तिथल्या मुलांनी मैदान, बाभळीचे झाड, शिल्ड, चेंडू रंगवावा.

पण एक काम प्रत्येक घराने करावे. फोटोतल्या रांगेप्रमाणे सर्वांची नावे, गाव आणि साल वहीत उतरवावे. मूळ फोटोमागे लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनची शाई पुढे उमटते. त्या रांगांत जोशी, खान, वानखडे, शेख, इंगळे असे सगळे खांद्याला खांदा लावून उभे असतात. आपल्या गावात कोण कोणाबरोबर खेळले, हे मुलांना दुसरे कोणी सांगणार नाही.

चित्र पुढच्या सुटीतही काढता येईल. नावे सांगणारे दादा-नाना मात्र तोवर असतीलच, असे नाही. अल्लाह त्यांना दीर्घायुष्य देवो. पण वही आजच उघडावी.