नकाशातला खड्डा

खड्डा म्हटला की आम्हा छत्रपती संभाजीनगरकरांच्या डोळ्यांपुढे रस्ता उभा राहतो. पण ज्या खड्ड्याची हकीकत मी सांगणार आहे, तो रस्त्यातला नव्हे. तो आमच्या इमारतीच्या मंजूर नकाशात होता. ठळक रेघांनी आखलेला आणि शेजारी सुबक अक्षरांत ‘पर्जन्यजल पुनर्भरण’ असे लिहिलेला.

गेल्या वैशाखात बोअर आटली, टँकरचे हिशेब सुरू झाले, तेव्हा तळमजल्यावरच्या आप्पांनी तो नकाशा कपाटातून काढला. आप्पा बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. राष्ट्रीय इमारत संहिता पहिल्यांदा १९७० साली निघाली, त्याच दशकात ते नोकरीला लागले. कागद आणि जमीन यांतले अंतर मोजण्यात त्यांची हयात गेली.

“मास्तर, खड्डा आहे म्हणे आपला. चला, बघू या.”

झाकण उचलायला पहार आणावी लागली. आत फरशीचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, एक फुटके घमेले आणि कुणा मजुराच्या लेकराची एकुलती एक चप्पल. गच्चीवरून उतरलेला पाइप खड्ड्याच्या वीतभर अलीकडे थांबून अदबीने गटाराकडे वळलेला होता. भोगवटा प्रमाणपत्र मिळून तीन वर्षे झाली होती. म्हणजे तीन पावसाळे आमच्या डोक्यावर पडलेले पाणी आम्ही गटारापर्यंत पोहोचवून आलो होतो आणि उन्हाळ्यात पाण्यासाठीच पैसे मोजत होतो.

सौभाग्यवतीने दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर गणित मांडले. गच्ची सुमारे ३०० चौरस मीटर. इकडचा वर्षाचा पाऊस सरासरीने सुमारे ७०० मिलिमीटर. गुणाकार २ लाख १० हजार लिटर. सांडलवंड, वाफ वगैरे पाचवा हिस्सा वजा केला तरी १ लाख ६८ हजार. “अहो, दहा हजार लिटरचे सोळा टँकर झाले हे!” ती म्हणाली, आणि वही मिटून स्वयंपाकघरात गेली. त्यानंतरची शांतता मला जास्त बोचली.

सभा भरली. बिल्डरला कोर्टात खेचायचे, असा ठराव एकमताने झाला. (आमच्या सोसायटीत एकमत होण्याचा हा दुसरा प्रसंग, पहिला जिन्याच्या रंगाचा.) पत्राचा मसुदा मराठीच्या प्राध्यापकाकडे येणार हे ओघानेच आले. पत्र लिहायचे तर नियम वाचायला हवा, म्हणून २०२० ची ‘एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’ उघडून बसलो. प्लॉट ५०० चौरस मीटर किंवा अधिक असेल तर नव्या बांधकामात पावसाचे पाणी साठवण्याची किंवा मुरवण्याची सोय हवी. आमचा सहाशेचा. बोअरभोवती १ मीटर रुंद व किमान ३ मीटर खोल खड्डा घ्यावा, त्यात दगडखडी व वाळू भरावी आणि गाळलेले पाणी त्यात सोडावे. एकही फुकट विशेषण नाही! आमच्या विद्यार्थ्यांनी असे निबंध लिहिले तर मी आनंदाने गुण देईन.

पण पुढे वाचले आणि लेखणी थांबली. ही सोय सदैव सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा सोसायटीची. ती पुरवली नाही किंवा राखली नाही, तर दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला १००० रुपयांपर्यंत आकार बसू शकतो. पुरवणे आणि राखणे. पहिले क्रियापद बिल्डरचे, दुसरे आमचे. तीन वर्षांत एकानेही झाकण उचलून पाहिले नव्हते. मीही त्या झाकणावर रोज स्कूटर लावत होतो.

त्याच आठवड्यात पुण्याचे पाहुणे आले, त्यांना रिवाजाप्रमाणे पाणचक्कीला नेले. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून उताराने येते, उंचावरून पडते आणि त्या जोरावर जाते फिरवते, हे मी अनेकदा सांगितले आहे. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत, त्यामुळे उन्हाळ्यात तिथे गारवा, हेही. या खेपेला पाहुण्याच्या मुलीने विचारले, “काका, नळात गाळ साचला तर काढायचं कोण?” अठराव्या शतकातल्या त्या माणसाचे नाव मला ठाऊक नव्हते. पण कुणीतरी काढत होते, एरवी जाते फिरले नसते.

बिल्डरला पत्र गेले. उत्तर यायचे आहे. खड्डा मात्र आम्ही वर्गणी काढून जूनच्या आधी उपसला, खडी-वाळू भरली, पाइप वळवून आणला. वर्गणीवरून तिसऱ्या मजल्यावरच्यांनी हरकत घेतली. मुरलेले पाणी शेजारच्या इमारतीच्या बोअरलाही मिळणार, मग त्यांचा वाटा का नको? आप्पा म्हणाले, “त्यांचाही खड्डा बुजलेलाच असेल. ती पहार त्यांना देऊ या. त्यांचं पाणी आपल्याकडे यायला कुणाची मनाई आहे?”

पहार गेली आहे. अजून परत आलेली नाही.

पाइपाच्या तोंडची जाळी दर रविवारी साफ करण्याचे काम सभेने माझ्याकडे सोपवले, कारण नियम वाचलेला मी एकटाच. बोअर दिवाळीपर्यंत तरी चालू आहे. त्याचे श्रेय खड्ड्याचे की पावसाचे, ते चैत्रात कळेल. दिवाळीच्या साफसफाईत सौ.ने यादीच्या शेवटी, माळ्याच्या खाली, एक ओळ वाढवली आहे: ‘खड्डा. (ह्यांनी.)’