तगरचे कापड, इजिप्तची नोंद

प्राचीन इजिप्तमध्ये लेखनिकाला मोठा मान होता. धान्य, कर, मजुरी यांचे हिशेब पपायरसवर लिहिले जात. त्याच भूमीतील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात ‘पेरिप्लस’ हा सागरी व्यापाराचा वृत्तान्त लिहिला, असे अभ्यासक मानतात. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजेच तगर, पैठणच्या पूर्वेस १० दिवसांच्या वाटेवर असल्याचे त्यात नोंदले आहे. तेथील जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जाई. लिहिणाऱ्याचे नाव उरले नाही, नोंद उरली. माल धाडणाऱ्या तगरच्या व्यापाऱ्यांची मात्र एकही वही आज उपलब्ध नाही. दीपावलीला वहीपूजन करणाऱ्या भूमच्या घराण्यांनी जुन्या चोपड्या रद्दीत देण्यापूर्वी एवढे अवश्य स्मरावे.