मूल आजारी, उपचार घरावर

आपल्या गावातील कितीतरी घरांतली मुले-मुली आता अमेरिकेत आहेत. नातवंडांसाठी सहा महिने तिकडे राहून आलेले आजी-आजोबा रक्तदाब तपासायला येतात, तेव्हा तिकडच्या गोष्टी निघतात. त्यांतला एक प्रश्न मला आजवर तीन-चार जणांनी विचारला आहे. "डॉक्टर, मुलाने जुने घर भाड्याने घेतले. करारावर सही करताना मालकाने एक पुस्तिका हातात ठेवली. घराच्या रंगात शिसे असू शकते, लहान मुलांना जपा, असे तीत लिहिलेले. आणि शेजारच्या घराच्या खिडक्या तर सरकारी पैशातून बदलून दिल्या. रंगासाठी सरकार पैसे देते, ही काय भानगड आहे?"

भानगड समजून घेण्यासारखी आहे. सरकारने आजाऱ्याला औषध द्यावे हे आपल्याला पटते. पण मूल आजारी पडू नये म्हणून सरकारने एखाद्याच्या खासगी घराची दुरुस्ती करून द्यावी, हे ऐकून भुवया उंचावतात. माझ्या मते हा पैसा योग्य ठिकाणी जातो, आणि त्यातून आपणही शिकण्याजोगे पुष्कळ आहे.

रंगात शिसे कशासाठी?

शिशाची संयुगे घातलेला रंग चांगला झाकतो, लवकर वाळतो, ऊन-पावसात टिकतो. पांढरा सफेदा, पिवळा, शेंदरी, हिरवा अशा कित्येक छटांत शिसे असे. त्याचे दुष्परिणाम माहीत नव्हते असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनचे नेत्रतज्ज्ञ डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ सालीच लिहून ठेवले होते की, मुलांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेचे मूळ व्हरांड्याचे रंगीत कठडे आणि खोल्यांच्या भिंती यांत आहे. १९२१ साली जिनिव्हा येथे घरातील रंगकामात पांढरे शिसे वापरण्यावर बंधन घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. अमेरिकेने तो स्वीकारला नाही. बाल्टिमोर शहराने १९५१ मध्ये घराच्या आतील रंगात शिसे वापरायला मनाई केली, पण घरगुती रंगावर देशभर बंदी यायला १९७८ साल उजाडावे लागले.

बंदी आली ती नव्या रंगावर. भिंतीवर, दारावर, खिडकीवर आधीच बसलेला रंग तिथेच राहिला. २०१८-१९ मध्ये झालेल्या सरकारी पाहणीनुसार अमेरिकेतील सुमारे साडेतीन कोटी घरांत शिशाचा रंग आहे आणि त्यांपैकी सुमारे सव्वादोन कोटी घरांत तो धोकादायक अवस्थेत आहे. धोकादायक म्हणजे पोपडे सुटलेला किंवा भुकटी होऊन सांडणारा.

मुलांनाच धोका का?

सुस्थितीतला रंग भिंतीला चिकटून असतो तोवर फारसे बिघडत नाही. खरा त्रास खिडक्यांचा. तिकडच्या जुन्या लाकडी खिडक्या खालीवर सरकतात. प्रत्येक वेळी लाकडावर लाकूड घासते आणि रंगाची बारीक पूड खिडकीच्या कठड्यावर पडते. रांगणारे मूल तिथे हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. दिवसाकाठी चिमूटभर धूळ पोटात गेली तरी पुरे. शिशाची चव गोडसर असल्याने काही मुले पोपडे आवडीने चघळतात.

मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा अंगात शोषला जातो. लहान मुलात हे प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. मुलाच्या अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर ते आणखी वाढते. शिसे रक्त तयार होण्याच्या कामात अडथळा आणते, हाडांत साठून राहते आणि वाढत्या मेंदूवर परिणाम करते. मूल चिडचिडे होते, पोट दुखते, बद्धकोष्ठ होतो, रक्त कमी होते. पुष्कळदा तर यांपैकी काहीच दिसत नाही. वर्गात लक्ष लागत नाही, पाठ केलेले राहत नाही, एवढेच घरच्यांच्या ध्यानात येते आणि मूल "ढ" ठरते. डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त होते त्यांची बुद्ध्यंकाची चाचणी आणि वर्गातील वागणूक इतरांपेक्षा कमी दर्जाची निघाली. वरवर ही मुले ठणठणीत होती!

१९६० च्या दशकात १०० मिलिलिटर रक्तात ६० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे चालते असे समजत. संशोधन पुढे गेले तशी ही रेषा खाली आली. १९९१ मध्ये ती दहावर, २०१२ मध्ये पाचवर आणि २०२१ मध्ये साडेतीनवर आणली गेली. साडेतीनच्या आत म्हणजे निर्धोक, असाही याचा अर्थ नाही. मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी आजवर कोणालाही सापडलेली नाही.

औषध आहे, पण उपयोग किती?

रक्तातील शिसे बाहेर काढणारी औषधे आहेत आणि विषबाधा तीव्र असेल तर ती जीव वाचवतात. पण मध्यम पातळीच्या मुलांचे काय? अमेरिकेत ७८० लहान मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधाने रक्तातील शिसे उतरले, परंतु तीन वर्षांनी बुद्धीच्या चाचण्या घेतल्या तेव्हा औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत फरक दिसला नाही. मेंदूचे नुकसान व्हायचे ते होऊन गेले होते.

शिवाय औषध देऊन मूल त्याच घरात परत पाठवले तर शिसे पुन्हा चढते. म्हणजे चिठ्ठी लिहायची ती मुलाच्या नावावर नव्हे, घराच्या नावावर. सरकारी अनुदानाचे समर्थन मी करतो ते याच कारणासाठी.

अनुदान कसे मिळते?

अमेरिकन संसदेने १९९२ मध्ये याबाबत स्वतंत्र कायदा केला आणि १९९३ पासून तेथील गृहनिर्माण खाते अनुदान देऊ लागले. पैसा थेट घरमालकाच्या हाती पडत नाही. शहरे, जिल्हे आणि राज्ये अर्ज करतात, स्वतःचा किमान दहा टक्के वाटा घालतात आणि मग आपल्या हद्दीतील कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची १९७८ पूर्वीची घरे निवडतात. सहा वर्षांखालील मूल असलेल्या घराला प्राधान्य असते. भाड्याचे घर दुरुस्त करून घेतले, तर पुढील किमान तीन वर्षे लहान मुले असलेल्या भाडेकरूंना प्राधान्य देण्याची अट मालकावर येते. ही अट मला फार मोलाची वाटते. नाहीतर सरकारी पैशात घर नवे करायचे आणि भाडे वाढवून गरिबाला बाहेर काढायचे, हा धंदा जगात कुठेही होऊ शकतो.

काम करण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. आधी यंत्राने रंगातील शिसे मोजतात. कुटुंबाला काही दिवस दुसरीकडे हलवतात. खिडक्या बदलतात, सुटलेला रंग पाणी मारून ओला खरवडतात, बाकीच्यावर जाड आवरण देतात. शेवटी खास गाळणीच्या यंत्राने धूळ ओढून घेतात आणि जमिनीवरची, कठड्यावरची धूळ प्रयोगशाळेत तपासून ती मर्यादेत असेल तरच कुटुंबाला परत राहू देतात. रंग कोरडा घासला किंवा दिव्याने जाळून काढला, तर घर पूर्वीपेक्षा जास्त विषारी होते.

हा खर्च परवडतो का? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा हिशेब मांडला गेला की, या कामावर घातलेल्या प्रत्येक डॉलरमागे समाजाला किमान १७ डॉलर परत मिळतात. वैद्यकीय खर्च वाचतो, विशेष शिक्षणाचा खर्च वाचतो आणि मूल मोठेपणी जास्त कमावते.

उणिवाही आहेत

तिकडचे सगळे आलबेल आहे असे नाही. धोक्याची घरे कोटींनी आणि अनुदानातून दुरुस्त होतात ती त्यांच्या मानाने थोडी. अर्ज, तपासणी, कंत्राट यांत महिने जातात. मूल मात्र तेवढ्यात रांगायचे थांबत नाही. पुष्कळ ठिकाणी मुलाच्या रक्तात शिसे सापडल्यावरच घराची चौकशी होते. म्हणजे घराची तपासणी करण्यासाठी मुलाचाच उपयोग झाला! १९९० च्या दशकात बाल्टिमोरच्या एका नामवंत संस्थेने तर कमी-अधिक दुरुस्त केलेल्या घरांत राहणाऱ्या मुलांचे रक्त तपासून कोणती दुरुस्ती पुरते ते पाहिले. २००१ मध्ये तेथील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने यावर अत्यंत कडक शब्दांत ताशेरे ओढले.

याच्या उलट न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहराने २००६ पासून भाड्याच्या जुन्या घरांची शिशासाठी तपासणी सक्तीची केली. मूल आजारी पडण्याची वाट पाहिली नाही. तिथल्या मुलांतील शिशाचे प्रमाण झपाट्याने उतरले. कायदा आणि पैसा दोन्ही हवेत. नुसता कायदा केला तर गरीब घरमालक तो पाळू शकत नाही, आणि नुसता पैसा ठेवला तर बेफिकीर मालक तो मागायलाच येत नाही.

आपल्याकडे काय?

"नळाला पाणी नाही आणि डॉक्टर रंगाचे काय घेऊन बसलेत?" असे कोणी म्हणेल. पण २०२० साली युनिसेफच्या अहवालाने जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात पाच मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे असल्याचा अंदाज दिला, आणि त्यांपैकी सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतातील आहेत. आपल्याकडे शिसे केवळ रंगातून येत नाही. उघड्यावर फोडल्या जाणाऱ्या जुन्या बॅटऱ्या, भेसळीची हळद, काही सुरमे, काही भस्मे अशा अनेक वाटा आहेत. शिशाचे पेट्रोल २००० साली देशभर बंद झाले, ही त्यातली मोठी जमेची बाजू.

रंगाबाबत आपल्याकडे कायदा आहे. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे चालत नाही. मर्यादा अमेरिकेइतकीच कडक आहे. परंतु त्यानंतरही छोट्या कारखान्यांच्या काही रंगांत मर्यादेच्या कितीतरी पट शिसे आढळले आहे. आणि २०१७ पूर्वी लावलेल्या रंगाचे काय? आपल्या भिंतींना बहुधा चुन्याची सफेदी असते, तिची चिंता नको. ऑइल पेंट असतो तो दारे, खिडक्यांचे गज, लोखंडी कपाटे, पाळणे आणि शाळेची बाके यांवर. दिवाळीच्या आधी रंगारी हे सारे पॉलिश पेपरने कोरडे घासतो. घरभर धूळ उडते आणि मुले त्यातच खेळत असतात. रंगारी तीच धूळ कपड्यांवरून स्वतःच्या मुलांकडे घेऊन जातो, त्याचा विचार तर कोणीच करत नाही.

आपल्या सरकारने उद्यापासून घरोघरी खिडक्या बदलून द्याव्यात, अशी माझी मागणी नाही. पण जिल्हा परिषद दरवर्षी शाळा आणि अंगणवाड्या रंगवतेच. त्या निविदेत तीन ओळी वाढवाव्यात. रंगाच्या डब्यावर शिशाचे प्रमाण मर्यादेत असल्याची नोंद हवी. जुना रंग ओला करूनच खरवडावा. काम सुट्टीत व्हावे आणि मुले येण्यापूर्वी खोल्या ओल्या फडक्याने दोनदा पुसाव्यात. याला जादा पैसा जवळजवळ लागत नाही. आपल्या अंगणवाडीतील कितीतरी मुलांत लोह कमी आहे, आणि शिसे सर्वांत आधी पकडते ते अशाच मुलांना.

घरच्यांनीही एवढे करावे. रंगकाम चालू असताना लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना नातेवाईकांकडे पाठवावे, कारण शिसे आईकडून गर्भाला पोचते. रंग घासण्यापूर्वी पाणी मारायला लावावे. नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. पाळण्याचा रंग सुटत असेल तर मूल त्यात ठेवू नये. जेवणापूर्वी मुलांचे हात धुवावेत. पालेभाजी, कडधान्ये, दूध, नाचणी पोटात जाऊ द्यावी. चपला दाराबाहेर काढण्याची आपली पद्धत इथेही उपयोगी पडते, ती अमेरिकेत गेल्यावरही सोडू नये. तिकडे जाताना नातवंडासाठी सुरमा, शेंदूर किंवा विनापावतीची भस्मे पिशवीत घालू नयेत. ज्या मुलाविषयी शंका असेल त्याच्या रक्तातील शिसे तपासता येते, आपल्या डॉक्टरांना विचारावे.

दिवाळीला घर उजळते ते रंगाने. रंगाऱ्याला यंदा पहिल्याच दिवशी एक बादली पाणी भरून द्या आणि ती वापरल्याशिवाय पॉलिश पेपरला हात लावू देऊ नका.