जेवणावरचा कर आणि शाळेची इमारत

नगरपालिकेने नवा कर सुचवला की आपल्याकडे सगळे पक्ष एका सुरात बोलू लागतात. ‘जनतेवर बोजा’, ‘अन्यायी करवाढ’, ‘कर रद्द झालाच पाहिजे’. निवेदने दिली जातात, मोर्चे निघतात. त्यात आपले कार्यकर्तेही पुढे असतात. गरिबाच्या खिशाला चाट बसणार असेल तर विरोध झालाच पाहिजे, याबद्दल वाद नाही. परंतु कर म्हटला की विरोध, ही सवय आंबेडकरी माणसाला शोभणारी नाही. बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठासाठी लिहिलेला आणि १९२५ साली लंडनहून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेला प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवर आहे. सरकारी तिजोरीत पैसा कसा येतो आणि कुठे जातो, याचा अभ्यास ज्या महामानवाने तरुणपणीच केला, त्याच्या अनुयायांनी कराकडे डोळसपणे पाहिले पाहिजे. कोणत्याही कराला तीन प्रश्न विचारावेत. कर कोण भरतो? तो ठरवतो कोण? आणि जमा झालेला पैसा कोणाच्या दारी जातो?

या तीन प्रश्नांच्या उजेडात अमेरिकेतील रिचमंड शहराचा एक ठराव तपासण्यासारखा आहे. रिचमंड ही व्हर्जिनिया राज्याची राजधानी. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेकडील राज्यांची यादवी युद्धात हीच राजधानी होती. १२ फेब्रुवारी २०१८ रोजी या शहराच्या कौन्सिलसमोर हॉटेलातील जेवणावरचा शहर कर सहा टक्क्यांवरून साडेसात टक्के करण्याचा प्रस्ताव आला. प्रस्ताव मांडणारे महापौर लेव्हर स्टोनी हे कृष्णवर्णीय. वाढीव कराच्या भरवशावर पंधरा कोटी डॉलरचे कर्ज उभारायचे आणि त्यातून मोडकळीस आलेल्या सरकारी शाळांच्या जागी नव्या शाळा बांधायच्या, अशी योजना होती.

विरोध जोरदार झाला. हॉटेलमालकांचे म्हणणे असे की, आमच्या धंद्यात नफा मुळातच थोडा. राज्याचा विक्रीकर धरला तर गिऱ्हाइकाच्या बिलावर पावणेतेरा टक्क्यांच्या वर कर जाणार. गिऱ्हाईक शेजारच्या काउंटीत जाऊन जेवेल. वेटरला मिळणारी टिप कमी होईल. शाळा सगळ्या शहराच्या आहेत, मग एकट्या हॉटेल धंद्यानेच भार का उचलावा? हे मुद्दे पोकळ नव्हते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने टिपवर काम करणाऱ्या माणसासाठी मालकाने देण्याची किमान मजुरी १९९१ पासून ताशी फक्त २ डॉलर १३ सेंट ठेवली आहे. अशा माणसाचे घर टिपवरच चालते.

दुसरी बाजू अशी होती. वीस डॉलरच्या जेवणावर वाढ पडते ती तीस सेंटची. हा कर तयार जेवणावर आहे. दुकानातून किराणा आणून घरी शिजवणाऱ्या माणसाला तो लागत नाही. शहरात कामासाठी येऊन संध्याकाळी उपनगरातल्या बंगल्यात परतणारा माणूस रिचमंडला घरपट्टी देत नाही, पण दुपारी तिथे जेवतो, तेव्हा त्याचाही हातभार लागतो. आणि ज्या शाळांसाठी हा पैसा हवा होता, त्यांत बहुसंख्य मुले कृष्णवर्णीयांची आहेत. कौन्सिलने सात विरुद्ध दोन मतांनी ठराव मंजूर केला. १ जुलै २०१८ पासून नवा दर लागू झाला.

एवढ्यावर ही बातमी संपते. पण त्या शाळा अशा अवस्थेला का आल्या आणि ठराव करणाऱ्या कौन्सिलमध्ये कृष्णवर्णीय कसे पोहोचले, हे पाहिल्याशिवाय या तीस सेंटची किंमत कळणार नाही.

त्याच व्हर्जिनियात प्रिन्स एडवर्ड नावाची काउंटी आहे. तिच्यातील फार्मव्हिल गावात कृष्णवर्णीय मुलांचे वेगळे हायस्कूल होते. इमारत १८० मुलांसाठी बांधलेली, शिकत होती साडेचारशेहून अधिक. जागा पुरेना म्हणून डांबरी कागद लावलेल्या झोपड्यांत वर्ग भरत. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीच्या नेतृत्वाखाली विद्यार्थ्यांनी संप केला. मागणी साधी होती : आम्हाला धड शाळा बांधून द्या. रिचमंडचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन त्यांच्या मदतीला धावले आणि इमारतीची मागणी वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यात बदलली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राऊन खटल्यात वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्या निकालात हा खटलाही समाविष्ट होता.

मग गोऱ्या सत्ताधाऱ्यांनी काय केले? १९५९ साली प्रिन्स एडवर्डच्या काउंटी मंडळाने शाळांसाठी पैसा देण्याचेच नाकारले. कर नाही, निधी नाही, म्हणून शाळा नाही. साऱ्या सरकारी शाळांना कुलूप लागले. गोऱ्यांच्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली आणि तिला सरकारी अनुदानाचा व करसवलतीचा आधार मिळाला. कृष्णवर्णीय मुले पाच वर्षे वाऱ्यावर सोडली गेली. १९६४ साली ग्रिफिन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शाळा उघडून चालवण्यासाठी काउंटी मंडळाला कर बसवण्याचा अधिकार वापरायला लावता येईल. एका न्यायालयाला असे म्हणावे लागले, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. समतेच्या विरोधकांनी तिथे लाठी उगारली नाही, अंदाजपत्रक कोरे ठेवले. कर न लावणे हेही वर्चस्वाचे हत्यार असू शकते.

आता कौन्सिलकडे वळू. १९४८ साली ऑलिव्हर हिल रिचमंडच्या कौन्सिलवर निवडून आले. विसाव्या शतकात तिथे पोहोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय. पुढे कृष्णवर्णीय मतदारांची संख्या वाढू लागली तेव्हा १९७० साली शेजारच्या काउंटीतील गोऱ्या वस्तीचा मोठा भाग शहरात सामील करण्यात आला. लोकसंख्येचे पारडे फिरवण्याचा तो डाव होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कौन्सिलच्या निवडणुका काही वर्षे बंद राहिल्या. अखेर १९७७ साली नऊ प्रभागांची पद्धत आली, प्रत्येक प्रभागातून एक सदस्य. कृष्णवर्णीयांना पाच जागा मिळाल्या आणि नागरी हक्कांचे खटले लढवणारे वकील हेन्री मार्श शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. प्रभाग कसा तोडायचा आणि कसा जोडायचा, याचे राजकारण आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

हॉटेलच्या टेबलाचाही इतिहास आहे. २२ फेब्रुवारी १९६० रोजी रिचमंडच्या थॅलहायमर्स या बड्या दुकानातील भोजनगृहात व्हर्जिनिया युनियन विद्यापीठाचे विद्यार्थी जाऊन बसले. खिशात पैसे होते, पण कातडीचा रंग चालत नव्हता. चौतीस जणांना अटक झाली. त्यांची शिक्षा रद्द व्हायला १९६३ साल उजाडले. ज्या शहरात कृष्णवर्णीयाला पैसे मोजूनही जेवण मिळत नव्हते, त्याच शहरात आज प्रत्येक ताटामागे काही सेंट त्याच्या मुलांच्या शाळेसाठी बाजूला पडतात. वेगळ्या कपबशीचा अपमान ज्या समाजाने सोसला, त्याला यातले अंतर कळते.

त्या पैशातून शाळा उभ्या राहिल्या का? राहिल्या. दोन प्राथमिक आणि एक माध्यमिक अशा तीन नव्या शाळा बांधून झाल्या. त्यांतील एका प्राथमिक शाळेचे आधीचे नाव जॉर्ज मेसन यांचे होते. १७७६ साली व्हर्जिनियाच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणारे, सर्व माणसे निसर्गतः स्वतंत्र आहेत असे सांगणारे आणि स्वतः गुलाम बाळगणारे हे मेसन. त्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या शाळेला आज हेन्री मार्श यांचे नाव आहे.

तरीही या ठरावाला टाळ्या वाजवून थांबता येणार नाही. जेवणावरचा कर हा अप्रत्यक्ष कर आहे. श्रीमंताच्या ताटावर आणि मजुराच्या बर्गरवर तो एकाच दराने बसतो. जो स्वयंपाकघर नसलेल्या खोलीत राहतो, दोन-दोन नोकऱ्या करतो, त्याला बाहेरचे खाणे ही चैन नसते. २०१९ साली त्याच महापौरांनी जमीन-घरांवरचा कर शंभर डॉलरमागे नऊ सेंटनी वाढवण्याचा प्रस्ताव आणला तेव्हा कौन्सिलने तो मान्य केला नाही. सिगारेटच्या पाकिटावर पन्नास सेंट कर मात्र मंजूर केला. म्हणजे जेवणारा आणि सिगारेट ओढणारा यांच्याकडून घ्यायला हात धजावला, मालमत्तेला हात लावायला धजावला नाही. सत्तेत आपली माणसे बसली तरी बड्या मालमत्तेचे भय सुटत नाही, हा धडा तिथल्याइतकाच इथलाही आहे.

वसुलीचा अनुभवही बोलका आहे. २०२४ साली रिचमंडमधील लहान हॉटेलवाल्यांची तक्रार पुढे आली की, त्यांनी चालू महिन्याचा भरलेला कर शहराचे वित्त खाते आधीच्या थकबाकीत जमा करत गेले, त्यामुळे चालू महिना पुन्हा थकीत ठरला आणि दंड-व्याजाचा डोंगर झाला. अनेकांना याची धड नोटीसही मिळाली नव्हती. बोभाटा झाल्यावर पद्धत बदलावी लागली. कर न्याय्य असला तरी वसुली आंधळी असेल तर आधी लहान माणूस चिरडला जातो. मोठ्याकडे हिशेबनीस असतो, वकील असतो.

आता आपल्या घराकडे पाहू. आपल्या नगरपालिकेच्या सभागृहात अशी चर्चा होऊ शकत नाही, कारण हॉटेलातील जेवणावर कर लावण्याचा अधिकारच तिला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या निकालाने अडलेला हा विक्रीकर १९८२ च्या ४६ व्या घटनादुरुस्तीने राज्यांसाठी मोकळा केला. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीनंतर तो वस्तू व सेवा करात गेला. साध्या हॉटेलच्या बिलावर आज पाच टक्के कर लागतो. अडीच केंद्राचे, अडीच राज्याचे. ज्या गावात ते हॉटेल आहे, जिथला कचरा, पाणी आणि गटार नगरपालिका पाहते, तिच्या वाट्याला त्यातून थेट एक पैसाही येत नाही. नगरपालिकांची जकात आधीच गेली. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले, पण तिजोरीची किल्ली वरच ठेवली. म्हणून नगरसेवक मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवतो आणि निधी ‘आणल्याचे’ फलक लावतो. पैसा जनतेचा, फलक पुढाऱ्याचा!

परंतु अधिकार नाहीत ही सबब सगळीकडे चालणार नाही. मालमत्ता कर नगरपालिकेच्या हातात आहे. चतुर्वार्षिक फेरआकारणी होते तेव्हा बाजारपेठेतील तीन मजली इमारतीची आकारणी किती आणि आपल्या वस्तीतील पत्र्याच्या घराची किती, हे कोण तपासते? मंगल कार्यालये, लॉज आणि व्यापारी गाळे यांची थकबाकी किती, आणि जप्तीची नोटीस कोणाच्या दारावर चिकटते? घरपट्टीच्या बिलात १९६२ च्या कायद्याने राज्याचा शिक्षण कर जोडून येतो. आपण तो वर्षानुवर्षे भरतो. मग नगरपालिकेच्या शाळेचे छप्पर गळते कसे, हा प्रश्न सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात कधी नोंदला गेला का?

ठराव आणि अंमल यांतील दरी आपल्या चळवळीने सुरुवातीलाच पाहिली आहे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले, आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने तो ठराव मागेही घेतला. ठरावामागे लोकांची ताकद आणि तिजोरीतली तरतूद नसेल तर त्याला रद्दीची किंमत असते, हे महाडने शिकवले.

लांबलेल्या नगरपालिका निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये पार पडल्या. आपल्या समाजाचे अनेक बंधू-भगिनी सभागृहात जाऊन बसले आहेत. समाजमंदिर, कमान आणि पेव्हर ब्लॉक यांच्यापलीकडे त्यांनी नजर टाकावी. अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्यावी आणि ती वाचावी. न समजल्यास आपल्यातील वकील, प्राध्यापक, लेखापाल यांना सोबत बसवावे. करवाढीचा प्रस्ताव आला तर तीन प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. भार मोठ्या मालमत्तेवर पडत असेल, लहान घराला सूट असेल आणि पैसा अमुक शाळेला, अमुक दवाखान्याला जाईल असे ठरावातच लिहिले असेल, तर त्या कराच्या बाजूने हात वर करण्यास भिऊ नये. ‘कर कमी करा’ ही घोषणा ज्याची मुले खासगी शाळेत जातात त्याला परवडते. ज्याच्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेखेरीज दुसरी शाळा नाही, त्याने शाळेसाठी पैसा कुठून येणार हे विचारलेच पाहिजे.

जय भीम!